दोन लाल खिडक्या आणि एक पत्र्याची चौकट : जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्यात निगेटिव्ह नक्की केवढी?

तुमची अडचण मला समजली ती अशी. आजोबांच्या ट्रंकेत व्हॉइग्टलँडर बेसा हा जुना फोल्डिंग कॅमेरा सापडला. मागच्या झाकणावर एकाच ओळीत दोन लाल खिडक्या आहेत. फोर्टातल्या एका लॅबमध्ये दाखवलात, तर ‘हा सिक्स-फोर-फाइव्ह आहे, सोळा फोटो येतील’ असं सांगितलं, म्हणजे निगेटिव्ह ढोबळमानाने ६×४.५ सेंटीमीटरची. मग एक व्हिडिओ बघून तुम्ही प्रत्येक आकडा आधी एका खिडकीत आणि मग दुसऱ्या खिडकीत आणत राणीच्या बागेत सोळा फोटो काढलेत. रोल धुऊन आला तर फोटोवर फोटो चढलेले, अख्ख्या पट्टीत एकही धड नाही. आता तुम्ही विचारताय की हा कॅमेरा ६×९ चा की ६×४.५ चा, वाइंडिंग बिघडलंय का, आणि त्यापेक्षा हा विकून सरळ ६×६ चा घ्यावा का.

वाइंडिंग बिघडलेलं नाही. कॅमेराही बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींत सगळं उत्तर आहे. एक, पट्टीच्या अगदी सुरुवातीचा आणि अगदी शेवटचा थोडा भाग स्वच्छ आहे, गोंधळ फक्त मधे आहे. दोन, चामड्याच्या केसच्या आतल्या कप्प्यात एक काळी पत्र्याची चौकट मिळाली, ती ‘कसलातरी तुटलेला भाग’ समजून तुम्ही बाजूला ठेवलीत. ती तुटलेली नाही. तोच मास्क, म्हणजे फ्रेम अर्धी झाकणारा पत्रा. तो आत बसवला की हा कॅमेरा ६×४.५ चा होतो आणि काढला की ६×९ चा. तुम्ही रोल फिरवलात सोळा फोटोंच्या हिशेबाने, पण फिल्मसमोरची आतली चौकट उघडी राहिली आठ फोटोंच्या मापाची. दर वेळी फिल्म साधारण अर्धी फ्रेम पुढे गेली आणि प्रकाश मात्र पूर्ण फ्रेमवर पडला. म्हणून फिल्मचा प्रत्येक तुकडा दोनदा एक्सपोज झाला. अपवाद फक्त पहिल्या फोटोचा पहिला अर्धा भाग आणि शेवटच्या फोटोचा शेवटचा अर्धा भाग. निगेटिव्ह उजेडात धरून पाहिलीत तर मधला भाग या दोन टोकांपेक्षा जास्त काळा दिसेल. कारण तेच, दुप्पट उजेड.

याच्या उलटही होतं, आणि ते मी जास्त वेळा पाहिलं आहे. आत मास्क आहे हे माहीतच नसतं, आठच फोटो काढले जातात, आणि अरुंद फ्रेम, मग तेवढीच कोरी जागा, मग पुन्हा फ्रेम अशी पट्टी हातात येते. त्यात निदान फोटो वाचतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ‘फॉरमॅट कोणता’ याचं उत्तर लोक फिल्मच्या खोक्यावर किंवा कॅमेऱ्याच्या नावात शोधतात. माझ्या मते ते तीन ठिकाणी मिळून असतं : आतल्या चौकटीचं माप, मागच्या खिडकीची जागा आणि तुम्ही फिल्म किती पुढे नेता ते. ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. तुमच्या रोलमध्ये दोन जुळली, तिसरं जुळलं नाही.

फिल्म स्वतः या भानगडीत तटस्थ असते. १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ मध्ये ब्राउनी क्रमांक २ या खोका कॅमेऱ्यासाठी आणला, आणि आजही तो तसाच मिळतो : साधारण साडेएकसष्ट मिलिमीटर रुंद पट्टी, भोकं नाहीत, आणि पाठीला लांबलचक कागद. रुंदीच्या दिशेने चित्र सगळ्यांत एकच, सुमारे ५६ मिलिमीटर. बोलताना आपण त्याला ‘सहा’ म्हणतो. लांबीच्या दिशेने किती घ्यायचं ते कॅमेरा ठरवतो. ६×९ म्हणजे प्रत्यक्षात ५६×८४ च्या आसपास, ६×६ म्हणजे ५६×५६, ६×४.५ म्हणजे ५६×४२. वेगवेगळ्या कारखान्यांत एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे, ते सोडून द्या. गुणाकार करून बघा : ८ गुणिले ८४, १२ गुणिले ५६, १६ गुणिले ४२. तिन्हींचं उत्तर ६७२ मिलिमीटर. तीच पट्टी आठ, बारा किंवा सोळा भागांत कापली आहे, बाकीची लांबी फ्रेमांमधल्या फटींना आणि दोन टोकांना जाते. म्हणून रोल घेताना दुकानदार ‘सिक्स बाय नाइनचा देऊ का’ असं विचारत नाही. विचारलंच तर दुसऱ्या दुकानात जा.

एवढी मोठी निगेटिव्ह कशाला, असं वाटेल. त्या काळी घरगुती फोटो एन्लार्ज करून घ्यायची पद्धत कमी होती. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. जुन्या अल्बमांत काळ्या पानांवर कोपरे लावून बसवलेले ते छोटे, पांढऱ्या किनारीचे फोटो आठवा. त्यातले बरेचसे ६×९ किंवा ६×६ चे कॉन्टॅक्ट असतात. तुमच्या घरी आजोबांच्या वेळचा अल्बम असेल तर फूटपट्टी घेऊन चित्राचा भाग मोजा. आजोबा हा कॅमेरा मास्क लावून वापरत होते की काढून, हेही कळेल.

आता लाल खिडक्या. १२० च्या कागदावर आज आकड्यांच्या तीन ओळी छापलेल्या असतात. एका कडेला १ ते ८, मध्यभागी १ ते १२, दुसऱ्या कडेला १ ते १६. कॅमेऱ्याची खिडकी ज्या ओळीवर उघडते, ती त्या कॅमेऱ्याची ओळ. त्यामुळे कॅमेरा न उघडताही पुष्कळ कळतं. खिडकी झाकणाच्या उंचीच्या बरोबर मध्ये असेल तर ६×६. वरच्या किंवा खालच्या कडेला असेल तर ६×९ किंवा ६×४.५. दोन खिडक्या असून एक मध्ये आणि एक कडेला असेल तर तो दोन मापांचा कॅमेरा. रशियन मॉस्कवा-५ असा आहे, ६×९ आणि ६×६.

तुमच्या बेसावर दोन्ही खिडक्या एकाच कडेच्या ओळीत आहेत, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीला १२० च्या कागदावर फक्त ६×९ च्या आकड्यांची ओळ होती. बारा आणि सोळाच्या ओळी नंतर आल्या. तेव्हा अर्ध्या फ्रेमचा कॅमेरा करायचा तर आकडे आणायचे कुठून? म्हणून त्याच ओळीवर अर्ध्या फ्रेमच्या अंतराने दोन खिडक्या पाडल्या. १ हा आकडा आधी भरलेल्या रिळाकडच्या खिडकीत येतो, तेव्हा पहिला फोटो. किल्ली फिरवत तोच १ रिकाम्या रिळाकडच्या खिडकीत आणायचा, तेव्हा दुसरा. मग २ पहिल्या खिडकीत, तिसरा फोटो. असे आठ आकडे दोनदा, सोळा फोटो. व्हिडिओत दाखवलं ते बरोबरच होतं, फक्त ‘मास्क आत आहे ना?’ हा प्रश्न त्यात राहून गेला असणार. लॅबनेही खिडक्या पाहून सांगितलं असेल, झाकण उघडून नाही.

इथे एक गल्लत फार होते. एकच खिडकी आहे आणि ती सोळाच्या ओळीवर उघडते, असे ६×४.५ चे कॅमेरेही आहेत. त्यात आकडे सरळ १ ते १६ वाचायचे, दोनदा काही नाही. दोन खिडक्यांची युक्ती तिथे लावायला जाऊ नका.

पुढचा रोल टाकण्याआधी मी तुमच्या जागी काय करेन ते सांगतो. रिकामा कॅमेरा उघडा, मागचं झाकण काढा आणि आतली चौकट प्लॅस्टिकच्या फूटपट्टीने मोजा. लोखंडी पट्टी नको, भात्याला (लेन्स आणि बॉडीमधल्या घड्यांच्या पडद्याला) टोक लागतं आणि जुना भाता तेवढ्याने फाटतो. लांबी ८४ च्या आसपास भरेल. मग पत्र्याचा मास्क बसवून बघा. त्याला बहुधा वाकवलेल्या कडा किंवा छोटे कान असतील, ते चौकटीच्या कडेत अडकतात. मास्क सपाट आणि घट्ट बसला पाहिजे. फिल्म ज्या दोन चकचकीत रुळांवरून सरकते त्यांच्या वर त्याची कड आली तर अख्ख्या रोलभर सरळ ओरखडा उमटेल. आपल्याकडच्या हवेत पत्र्याला गंज हमखास असतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, मॅट काळा रंग द्या, पूर्ण वाळू द्या. चकचकीत काळा नको, त्यावरून उजेड परावर्तित होतो.

त्यानंतर खुणांचा रोल. मुदत संपलेला, फेकायचा एखादा १२० रोल घ्या. कॅमेऱ्याच्या बॉडीवर, आतल्या चौकटीच्या डाव्या आणि उजव्या कडेच्या रेषेत मास्किंग टेपचे दोन बारीक तुकडे लावा. रोल चढवा, झाकण बंद करा, १ पहिल्या खिडकीत आणा. झाकण उघडा, दोन्ही रिळांवर अंगठे दाबून ठेवा म्हणजे गुंडाळी सुटणार नाही, आणि टेपच्या रेषेत कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा करा. शेजारी ‘१ अ’ लिहा. झाकण बंद, १ दुसऱ्या खिडकीत, पुन्हा खुणा, ‘१ ब’. असं मधले दोन-तीन आकडे घेऊन शेवटी ८ पर्यंत जा. मग सगळा रोल टेबलावर पसरा. फिल्म कागदाला कुठे चिकटवली आहे, कुठे संपते, हे समोर दिसतं. ‘१ अ’ च्या मधोमध आणि ‘१ ब’ च्या मधोमध किती अंतर आहे ते मोजा, साधारण साडेचार सेंटीमीटर हवं. म्हणजे ४२ च्या फ्रेमांमध्ये थोडी फट उरते.

या रोलवरूनच दुसरा एक प्रश्न सुटतो, जो तुम्ही अजून विचारलेला नाही पण विचाराल : मास्क काढून आठ फोटो काढायचे तर दोनपैकी कोणती खिडकी बघायची? दोनपैकी एक सोडून द्यायची आणि रोलभर एकाच खिडकीवर राहायचं, हे नक्की. कोणती, ते त्या कॅमेऱ्याच्या घडणीवर असतं. माहितीपुस्तिका असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर खुणा बघा : ज्या खिडकीने पहिल्या फ्रेमची सुरुवात चिकटपट्टीच्या पुढे पडते आणि आठव्या फ्रेमचा शेवट फिल्म संपायच्या आत येतो, ती खिडकी. एकदा ठरली की दुसरीवर काळी चिकटपट्टी लावा. मास्क लावून वापराल तेव्हा ती काढायला विसरू नका.

मास्क रोल चढवायच्या आधी लावायचा किंवा काढायचा. रोल मधे असताना बदल शक्य नाही, कारण मास्क फिल्मच्या पुढे, भात्याच्या बाजूला बसतो. आणि लावला असेल तर बाहेर केसवर चिठ्ठी लावा, ‘आत मास्क, १६’. हा सल्ला फालतू वाटतो, पण दोन महिन्यांनी कॅमेरा हातात घेतल्यावर आत काय आहे ते आठवत नाही, आणि रोल असेल तर उघडून बघता येत नाही.

कुणाकडे मास्क नसेल तर? चोर बाजारात मिळणाऱ्या दोन मापांच्या कॅमेऱ्यांत तो बहुतेक हरवलेलाच असतो. पूर्ण मापाने कॅमेरा वापरायला काहीच अडचण नाही. अर्ध्या फ्रेमची हौस असेल तर पातळ काळ्या कार्डातून ५६×४२ ची खिडकी कापून तसाच मास्क करता येतो. कार्ड जाड नको, कडा ब्लेडने स्वच्छ कापलेल्या हव्यात. सुटे तंतू राहिले तर प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला केस उगवल्यासारखे दिसतात.

इतर कॅमेरे ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासाठी थोडं. झाइस इकॉनच्या फोल्डिंग कॅमेऱ्यांत चामड्यावर आकडा दाबलेला असतो आणि फॉरमॅट त्यातच लिहिलेला असतो. इकोंटा ५२१ नुसता असेल तर ६×४.५, ५२१/१६ म्हणजे ६×६, ५२१/२ म्हणजे ६×९. नेटारचंही तसंच, ५१५, ५१५/१६, ५१५/२. ‘१६’ बघून सोळा फोटो समजू नका, तो बारा फोटोंचा कॅमेरा आहे. याची गंमत अशी की सुपर इकोंटा ५३२/१६ बाराही देत नाही, अकरा देतो. पहिला आकडा खिडकीत आणून पुढचं अंतर तो स्वतः मोजतो आणि फटी जरा मोठ्या ठेवतो. इंग्लंडच्या एन्साइन सेल्फिक्सची नावं सगळ्यांत शहाणी : १६-२०, १२-२० आणि ८२० यांत फोटोंची संख्या आधीच लिहिलेली आहे. आग्फा इसोलेट म्हणजे ६×६, आग्फा रेकॉर्ड म्हणजे ६×९. चिनी सीगल २०३ मध्ये ६×६ आणि ६×४.५ दोन्ही.

कोडॅकच्या फोल्डिंगबाबत मात्र आधी रोलचा नंबर बघा, फॉरमॅट नंतर. १९३२ मध्ये कोडॅकने ६२० काढला. फिल्म तीच, कागद तोच, फक्त रिळाचा दांडा बारीक आणि चकत्या लहान. १२० चं रिळ त्या कप्प्यात बसत नाही किंवा बसवलं तर फिरत नाही. ६२० बनणं १९९५ मध्ये बंद झालं. अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर गुंडाळून घेणं हा खात्रीचा मार्ग. आधी एका रिळावर, मग तिथून उलट दुसऱ्यावर, म्हणजे सुरुवातीचं टोक पुन्हा बाहेर येतं. चिकटपट्टीच्या जागी फुगा आला तर पट्टी उचलून परत बसवायची. चकत्या कापून १२० चं रिळ कोंबणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. आतली चौकट ५६ ऐवजी ६३-६४ मिलिमीटर उंच भरली तर तो ११६ किंवा ६१६ चा कॅमेरा. त्याची फिल्म ७० मिलिमीटर रुंद, १९८४ नंतर बंद. अ‍ॅडॅप्टर लावून १२० घालता येते, पण आकड्यांचा हिशेब जुळत नाही, किल्लीचे फेरे मोजत बसावं लागतं. ४० च्या आसपास भरली तर १२७. असे कॅमेरे शोकेससाठी घ्या, रोजच्या वापरासाठी नको. आणि २२० चा रोल कुठे मिळाला तर कोणत्याच लाल खिडकीच्या कॅमेऱ्यात घालू नका. त्याला फक्त टोकांना कागद असतो, फिल्मच्या पाठीला नाही. खिडकीतून थेट उजेड जाईल आणि वाचायला आकडेही नसतील.

आता तुमचा खरा प्रश्न, कोणतं माप वापरू. हे तुम्हाला काय काढायचंय त्यावर आहे. ६×९ चा आकार तीनास दोन, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर निगेटिव्हचाच, पण क्षेत्रफळ साडेपाच पटीच्या आसपास. ६×४.५ चा आकार चारास तीन, तुमच्या फोनच्या फोटोसारखा. मास्क लावल्यावर दोन गोष्टी बदलतात आणि त्या कुणी सांगत नाही. पहिली, दिशा. कॅमेरा आडवा धरला की ६×९ आडवा येतो, पण मास्क लावला की त्याच धरण्यात फ्रेम उभी होते, ५६ उंच आणि ४२ रुंद. मरीन ड्राइव्हची कमान घ्यायची असेल तर कॅमेरा उभा धरावा लागेल. दुसरी, लेन्सचा आवाका. तुमच्या बेसावर १०५ मिलिमीटरच्या जवळपासची लेन्स असणार. ६×९ साठी ती साधारण नॉर्मल. मास्क लावल्यावर तीच लेन्स सौम्य टेलिफोटोसारखी वागते, ३५ मिलिमीटरच्या भाषेत ६५ च्या आसपास. माणसांच्या फोटोंना छान, गिरगावातल्या अरुंद वाडीत मात्र मागे सरकायला जागा उरणार नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये अर्ध्या फ्रेमची खूण नसेल तर लांब बाजूचा मधला अर्धा भागच येणार आहे हे मनाशी धरून चला.

माझं स्पष्ट मत, आधी मास्क बाजूला ठेवून ६×९ वापरा. आठच फोटो येतात म्हणून रोल महाग पडतो, खरं आहे. पण या कॅमेऱ्याची लेन्स, फाइंडर, सगळं त्या मापासाठी घडलं आहे. शिवाय प्रत्येक आकडा एकदाच बघायचा असल्याने चुकायला जागा कमी. हात बसला की मास्क आहेच.

६×९ ला एक त्रास जरूर आहे. एवढी लांब फिल्म मधोमध सपाट राहायला कुरकुरते. भाता उघडताना आत हवा खेचली जाते आणि फिल्म पुढे फुगते. म्हणून कॅमेरा बंद करण्याआधी फिल्म पुढे नेऊन ठेवू नका. आधी कॅमेरा उघडा, मग किल्ली फिरवा, मग लगेच फोटो. यामुळे ‘हा आकडा घेतला की नाही’ हा गोंधळही टळतो, कारण या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांत दुहेरी एक्सपोजर रोखणारं काही नसतं. लेन्सचं छिद्र लहान ठेवा, म्हणजे एफचा आकडा मोठा. आपल्या दुपारच्या उन्हात १०० आयएसओची फिल्म असेल तर शंभरावा सेकंद आणि एफ १६ सहज मिळतं, आणि १०५ ची लेन्स एफ १६ ला १० मीटरवर फोकस करून ठेवली तर ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फिल्म थोडी फुगली तरी तेवढ्यात खपते.

लाल खिडकीबद्दल एक इशारा. त्या काळच्या साध्या फिल्मना लाल रंग दिसत नसे, म्हणून लाल काच पुरेशी होती. आजची काळी-पांढरी फिल्म लाल रंगालाही जागी असते. खिडकीला सरकतं झाकण असेल तर आकडा बघण्यापुरतंच उघडा, नसेल तर काळी चिकटपट्टी. उन्हात तर अंगाची सावली करूनच बघा. काही कंपन्यांच्या कागदावर आकडे इतके फिकट असतात की जुन्या गडद काचेतून दिसतच नाहीत. पहिल्यांदा ज्याचे आकडे ठळक आहेत तोच रोल घ्या. दुकानात विचारून घ्या, यात लाज नाही. आकडा येण्याआधी ठिपके किंवा वर्तुळं दिसू लागतात, तिथून किल्ली हळू फिरवा. पुढे गेलात तर मागे येता येत नाही.

पावसाळ्यात रोल सैल गुंडाळला जाण्याचं प्रमाण मी वाढलेलं पाहतो. कागद ओल धरतो आणि कडा नीट दबत नाहीत. चढवताना भरलेल्या रिळावर अंगठ्याचा हलका दाब ठेवा. आणि ती चामड्याची केस सुंदर असली तरी जून ते सप्टेंबर कॅमेरा तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, लेन्सला बुरशी तिथूनच लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, मास्कही त्याच डब्यात. भाता एकदा अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून तपासा, घड्यांच्या कोपऱ्यांत उजेडाचे ठिपके दिसले तर आधी त्याची डागडुजी. बोरा बाजारात जुने दुरुस्ती करणारे अजून आहेत. तिथे ‘सर्व्हिसिंग करून द्या’ असं मोघम सांगू नका, ‘भाता आणि शटरचे सावकाश वेग बघा’ असं सांगा.

लॅबला रोल देताना पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा : ‘१२०, ६×९, ८ फ्रेम, कापू नका’. १२० म्हटलं की ६×६ गृहीत धरून पट्टी कापायची सवय काही ठिकाणी असते, आणि मग तुमच्या फ्रेमच्या मधून कात्री जाते. स्कॅनरचा होल्डर ६×९ घेतो का, तेही आधी विचारा. शक्य असेल तर धुतल्यावर कागद आणि रिळ परत मागा. कागद खुणांच्या रोलसाठी उपयोगी पडतो, आणि रिकामं रिळ तर पुढच्या रोलला लागतंच.

विकून ६×६ घ्यावा का? चौकोनी फ्रेम आवडत असेल तर इसोलेट किंवा नेटार जरूर घ्या, ७५ ची लेन्स, बारा फोटो, खिशात मावणारा. फक्त इसोलेट घेताना समोरची फोकसची रिंग फिरवून बघा. आतलं ग्रीस घट्ट झाल्याने ती अडकलेली असते, आणि भात्याचे कोपरे तर हमखास गेलेले. पण आजोबांचा बेसा त्यासाठी विकू नका, जुन्या फोल्डिंगला इथे मिळणारी किंमत एवढी नसते की त्यात चांगला दुरुस्त केलेला इसोलेट येईल. खुणांचा रोल झाला की ‘१ अ’ आणि ‘१ ब’ मधलं अंतर किती आलं ते कळवा, साडेचारपेक्षा फार वेगळं असेल तर त्यावर बोलू.